वीज असेल तेव्हा वेबसाइट

उमरखेडला जाते म्हटल्यावर पुण्यात ज्याने त्याने एकच विचारलं, "तिथे? आत्ता?" त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्याचं नाव पेपरात सारखं यायचं आणि ज्या बातमीत यायचं ती वाचताना हातातला चहा निवून जायचा. कापसाचे भाव पडले होते, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या थांबत नव्हत्या. आईने माझ्या बॅगेत बिस्किटांचे इतके पुडे कोंबले की मी दुष्काळी कामावर निघालेय असं वाटावं. प्रत्यक्षात परत आले ती सलवारीची नाडी सैल करूनच. तिकडे न गेलेल्या माणसांसाठी हे लिहितेय, कारण जाऊन येईपर्यंत मीही त्यांच्यातलीच होते.

जायचं कारण प्रज्ञा. पुण्याच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी, राहायची खोलीही एकच. आम्ही वेबसाइट बनवतो. गिऱ्हाईक सगळं परदेशातलं. कुठल्यातरी थंड गावातला दातांचा डॉक्टर, कुठलंतरी कुत्र्यांचे स्वेटर विकणारं दुकान. ही माणसं आम्ही कधी पाहत नाही. त्यांच्या मेल येतात, 'हा निळा अजून थोडा शांत करा', आणि आम्ही निळा शांत करतो. कामात मजा नव्हती असं नाही, पण आपण केलेलं पान उघडून कुणी हसलं का, कुणी कंटाळलं का, ते कधीच कळत नसे. अशा एका शांत निळ्याच्या दिवशी प्रज्ञा म्हणाली, "आमच्या गावच्या कॉलेजात मुलींना वेब पेज शिकवायचंय. वानखडे सर मागे लागलेत. दिवाळीनंतर आठवडाभर चल माझ्यासोबत."

मी आयुष्यात कधी कुणाला काही शिकवलेलं नव्हतं. लगेच हो म्हणाले.

उमरखेड

प्रज्ञाचं घर बसस्टँडपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. दारात तिचे बाबा उभे होते. निवृत्त शिक्षक, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. प्रज्ञाने "जय भीम बाबा" म्हणत बॅग ठेवली, मी वाकले तर त्यांनी मधेच हात धरला. "राहू दे बेटा, पाया पडायची पद्धत नाही आपल्या घरी. बस. चहा घे." प्रज्ञाचे आजोबा दीक्षेला नागपूरला गेले तेव्हा घरातलं एक भांडं विकून गेले आणि येताना पोरांसाठी पाट्या घेऊन आले, ही गोष्ट मला पहिल्या कपातच ऐकायला मिळाली. या घरात शिकण्याबद्दल कुणी भाषण देत नाही. भिंतीला लागून पुस्तकांची मांडणी आहे आणि जेवतानाही कुणीतरी वाचत असतं, आणि त्यावरून आई ओरडते, एवढंच.

सकाळी प्रज्ञाच्या आईने पोह्यांची ताटली पुढे केली आणि विचारलं, "सांबार टाकू का वरून?"

पोह्यांवर सांबार! मला इडलीबरोबरचं ते आंबट पातळ डोळ्यांसमोर आलं. "नको नको, कोरडेच बरे."

"सांबार नाही खात?" आईंचा चेहरा पडला. "आताच तोडून आणला बाबानं, परसातून."

परसातून सांबार तोडून आणतात म्हटल्यावर मी प्रज्ञाकडे पाहिलं. ती ताटलीत तोंड घालून हसत होती. सांबार म्हणजे कोथिंबीर. मग मी मुठीने घातली.

भाषेची अशी गंमत आठवडाभर चालली. तिकडे 'मला' नाही, 'मले'. 'का' नाही, 'काहून'. 'तो' नाही, 'थो'. आणि बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिसऱ्या दिवशी मीच प्रज्ञाच्या आईला म्हणाले, "मी येतो हो आई जाऊन." त्यांनी मला तिथल्या तिथे अजून एक भाकरी वाढली.

कॉम्प्युटर रूम

कॉलेजची कॉम्प्युटर रूम म्हणजे देवघर. चपला बाहेर, खिडक्यांना पडदे, आणि प्रत्येक मॉनिटरवर जुन्या साडीचं शिवलेलं आवरण, त्याला खाली काठसुद्धा. वानखडे सरांनी ती आवरणं एकेक करून उचलली, घडी घातली आणि मुख्य बटण दाबलं. काही झालं नाही.

"लाइन गेली," सर शांतपणे म्हणाले. "या आठवड्यात सकाळची आहे वाटते."

त्या वर्षांत विजेचा भरवसा नव्हता. लोडशेडिंगच्या वेळा बदलत, बदललेल्या वेळाही पाळल्या जात नसत. पुण्याहून मी सीडीवर भरून आणलेलं सगळं देखणं साहित्य पिशवीतच राहिलं आणि मी खडू उचलला. समोर वीसेक मुली, बहुतेक आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या. मी फळ्यावर पहिला टॅग लिहिला आणि समजावलं की अक्षरं ठळक करायची तर सुरुवातीला टॅग उघडायचा, आणि शब्द संपला की तो बंद करायचा. बंद करायला विसरलं तर पुढचं सगळं पान ठळक होतं.

"म्हंजे गोठ्याचं फाटक," मागून आवाज आला. "फाटक उघडं राह्यलं तं ढोरं साऱ्या वावरात."

वर्ग हसला. बोलणारी वर्षा राठोड, शेवटच्या बाकावरची, हनुवटीवर हात टेकून बसलेली. मी पुण्यात हेच समजावायला कधी पंधरा स्लाइड केल्या होत्या. आज ऑफिसात नवीन मुलं आली की मी त्यांना गोठ्याचंच फाटक सांगते. एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

फळ्यावर शिकवण्याचा एक फायदा मला नंतर उमगला. यंत्र समोर असलं की माणूस बटण दाबून बघतो आणि विचार करायचं टाळतो. इथे वीज येईपर्यंत विचार करण्याशिवाय काही करता येत नव्हतं. मुली वहीत सगळं पान लिहून काढायच्या, एकमेकींचं तपासायच्या, "तुहं फाटक उघडं हाये" म्हणून चिमटे काढायच्या. दुपारी लाइन आली की सगळ्या एकदम तुटून पडायच्या आणि बहुतेकींचं पान पहिल्या फटक्यात चालायचं. पहिल्यांदा स्वतःचं नाव पडद्यावर आलं तेव्हा एक मुलगी उठून दाराबाहेर गेली, चपला घातल्या, परत काढल्या आणि आत येऊन पुन्हा पाहिलं.

सगळंच सुरळीत झालं असं मात्र नाही. मराठी अक्षरांनी छळलं. एका कॉम्प्युटरवर नीट दिसणारं पान दुसऱ्यावर उघडलं की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. "ताई, सारे अक्षरं फुटून गेले!" मग आम्ही प्रत्येक यंत्रावर योग्य फाँट घालत बसलो. तोवर प्रज्ञाने कचोऱ्या आणल्या, आणि कॉम्प्युटर रूममध्ये खायचं नाही म्हणून सगळ्या व्हरांड्यात उकिडव्या बसून खाल्ल्या. सरसुद्धा.

मग भांडण झालं ते भाषेवरून. पान लिहायचं ते 'मला' की 'मले'? सरांचं मत पडलं शुद्ध लिहावं, जग पाहणार आहे. एक मुलगी म्हणाली, "जग पाहून राह्यलं तं त्याले बी शिकू द्या न सर." सर हसले. शेवटी ठरलं की ज्याचं पान त्याची भाषा.

शोध

कॉलेजच्या ऑफिसातल्या एकुलत्या एका फोनलाइनवर नेट होतं. एका दुपारी सरांनी परवानगी काढली आणि आम्ही सगळ्या त्या टेबलाभोवती जमलो. मोडेमची ती किरकिर ऐकून मुलींना हसू आवरेना. कोणीतरी म्हणालं, आपल्या जिल्ह्याचं नाव टाका. टाकलं.

हळूहळू पान उतरत गेलं. पहिली बातमी मृत्यूची. दुसरी मृत्यूची. तिसरी एका समितीच्या दौऱ्याची, चौथी पुन्हा मृत्यूची. मी खाली खाली जात राहिले. मागच्या मुली वाचायला पुढे सरकल्या.

"आपल्या जिल्ह्यात कोणी जितं राहत नाही काय?" एक मुलगी म्हणाली.

मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. आपण टाकू. पैनगंगा टाकू, सहस्रकुंडाचा धबधबा टाकू, आठवडी बाजार, पाटोडीची रस्सेदार भाजी कशी करतात ते, बंजाऱ्यांच्या तांड्यावरची होळी. आठवड्याच्या शेवटी कॉलेजचं गॅदरिंग होतं, त्यात साइट सगळ्यांना दाखवायची. सरांनी तर तिथेच ठरवून टाकलं, "आणि रडगाणं एक नको. पुरे झालं." मलाही ते पटलं. आमच्या धंद्यात पहिलं शिकवतात ते हेच, की पानावरून काय काढून टाकता येईल ते पाहा.

पुढचे दिवस धमाल गेले. सहस्रकुंडाला आम्ही जीप करून गेलो. पावसाळ्यानंतरचं पाणी अजून बऱ्यापैकी होतं, काळ्या खडकांतून शेकडो धारा एकदम खाली पडत होत्या. तिथल्या वाऱ्यात माझी ओढणी उडाली आणि नदीपलीकडच्या जिल्ह्यात गेली म्हणून मुलींनी जाहीर केलं. पाटोडीच्या पानासाठी प्रज्ञाच्या घरी पाटोड्या केल्या, फोटो काढायच्या आत संपल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा केल्या.

मग वर्षाने आपलं पान दाखवलं. ते तिच्या काकाबद्दल होतं. त्या बातम्यांतल्या मृत्यूंत एक त्यांचाही होता.

सरांनी उभ्या उभ्याच वाचलं आणि मान हलवली. "वर्षा, आपलं ठरलं होतं न?"

"सर, मी रडगाणं नाही लिहिलं."

"मला माहीत आहे. पण लोक तेच वाचतील. मागे कॅमेरेवाले इथं कॉलेजात आले होते, एका पोरीला रडवून गेले. परत नको मला ते." सर कठोर नव्हते. त्यांचा आवाज थकलेला होता.

वर्षा उठली. "साऱ्या जिल्ह्यातून थे काढून टाकाल तं माहा काका बी काढल्यासारखाच होते," म्हणाली, आणि चपला घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

काय काढायचं ते मला चांगलं येत होतं. काय काढता येत नाही, याचा विचार करायची वेळ कामात माझ्यावर कधी आली नव्हती. संध्याकाळी प्रज्ञाच्या बाबांनी विचारलं, "तिच्या काकूला विचारलं का कोणी? मानूस तिचा होता." वानखडे सरांना हे सांगितलं तेव्हा तेही लगेच म्हणाले, "विचारून या. त्या म्हणतील तसं."

तांडा

वर्षाचा तांडा उमरखेडपासून काळी-पिवळी जीपने अर्ध्या-पाऊण तासावर. प्रज्ञा आणि मी धरून जीपमध्ये किती जण होतो ते मोजण्याची सोय नव्हती. उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुटलेला कापूस. मी कापूस पाहिलेला तो औषधाच्या दुकानातला, निळ्या कागदात गुंडाळलेला. हा उन्हात चमकत होता, जिवंत वाटत होता. एका घराच्या पुढच्या खोलीत तो छतापर्यंत भरून ठेवला होता, भाव येईल म्हणून, आणि घरातली माणसं ओसरीवर झोपत होती.

वर्षा शेतात होती, काकूंबरोबर वेचणीला. आम्हाला पाहून ती आधी लाजली, मग खूश झाली. काकूंनी कमरेची कापसाची झोळी न सोडताच मला विचारलं, "तुमी कोन्या च्यानलच्या?"

"मी च्यानलची नाही काकू. मी वर्षाची ताई, कॉम्प्युटरची."

"नाही, सांगून टाका. मागच्या येळी आले होते. मीनंच इचारलं त्याइले, हसू का रडू?" काकूंनी बोंडातला कापूस चिमटीने अलगद ओढून झोळीत टाकला. "थे म्हने फोटो मांडीवर घ्या, खाली पाहा. मी म्हटलं खाली काहून पाहू? खाली काय हाये?"

वर्षा त्यांच्याशी त्यांच्या गोर, म्हणजे बंजारा बोलीत काहीतरी भराभर बोलली. मला त्यातलं फक्त 'कॉम्प्युटर' कळलं. तोवर नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून मीही वेचायला लागले. बोंडाची टोकं सुकली की सुईसारखी होतात. दहा मिनिटांत बोटं ओरबाडून निघाली आणि माझ्या मुठीत कापसापेक्षा काडीकचराच जास्त होता. काकूंनी तो माझ्या हातातून घेतला, झटकला. "राहू द्या. तुमी चहा प्या."

घरी गेल्यावर गुळाचा काळा चहा झाला, त्याबरोबर जाड भाकरी आणि भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आता काढा फोटो इचा," काकू म्हणाल्या, आणि त्या मायलेकींसारख्या दोघी हसून लोटपोट झाल्या. काकूंना मूलबाळ नव्हतं, वर्षा त्यांच्याचकडे वाढलेली.

मी विचारलं, "काकू, वर्षाचं पान ठेवू की काढू?"

काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला. "काय लिहिलं तिनं?"

"तू येऊन पाह्य न काकी," वर्षा म्हणाली. "मी इथं नाही सांगत."

"बरं. मी येतो पाहाले. पटलं तं ठेवजा." मग त्या आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या एक फोटो पदराने पुसत. "आनि थो पासपोर्टचा नका लावू. तसा थो दिसतच नव्हता. हा लावा."

फोटोत एक दांडगा माणूस, डोक्याला मुंडासं, हातात छताचा पंखा, तोही बांधाबांध न सोडलेला. शेजारून बैलाचं शिंग आणि अर्धा डोळा आत आलेला. माणूस इतका हसत होता की त्याच्या सगळ्या दाढा दिसत होत्या.

गॅदरिंग

गॅदरिंगच्या दिवशी वीज सकाळपासून होती. सरांना त्याचाच संशय येत होता, ते दर थोड्या वेळाने पंख्याकडे पाहत. कॉम्प्युटर रूमबाहेर चपलांचा ढीग झाला. पालक आले, मास्तर आले, बाजारातले दोघंतिघं दुकानदार स्वतःच्या दुकानाचं नाव साइटवर आहे का ते बघायला आले. पाटोडीच्या पानासमोर बायकांची गर्दी, त्यात मसाला कमी लिहिलाय म्हणून वाद. प्रज्ञाचे बाबा प्रत्येक पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होते, शुद्धलेखनाच्या चुका सांगत होते आणि 'मले'ला मात्र हात लावत नव्हते.

माझ्या हाताखालून किती पानं गेली असतील. पण ती पाहणाऱ्याच्या मागे उभं राहून त्याच्या मानेवरून अंदाज घेणं मी पहिल्यांदाच करत होते. माणूस कुठे थांबतो, कुठे पुढे सरकतो, कुठे शेजारच्याला कोपरानं ढोसतो. निळा शांत आहे की नाही ते कुणीही विचारलं नाही.

काकू जरा उशिरा आल्या, नवं लुगडं नेसून. सरांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. वर्षाने पान उघडलं. तो फोटो स्टुडिओतून स्कॅन करून आणला होता, तो वरून खाली एकेक पट्टी करत उतरला. आधी मुंडासं, मग कपाळ, मग डोळे, मग ते सगळे दात. काकूंचा हात तोंडावर गेला.

"वाच," त्या म्हणाल्या. "मले अक्षरं कोठं येतात."

वर्षा वाचायला लागली. काका पहाटे बैलांशी बोलायचे आणि माणसांशी दुपारनंतर. होळीला लेंगीची गाणी गाताना शब्द विसरले की मधेच नवे घालायचे आणि तेच पुढच्या वर्षी सगळा तांडा गायचा. वर्षाला सायकल शिकवताना स्वतःच पडले. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, त्यांनी पहिलं बक्षीस म्हणून पंखा जिंकला तेव्हा तांड्यावर अजून वीज यायची होती. शेवटून दुसरी ओळ होती, काका कापसाच्या त्या वाईट वर्षी गेले. त्यावर आणखी काही लिहिलं नव्हतं. शेवटची ओळ, ते गेले तरी लेंगीतले त्यांचे शब्द आहेत.

सर खिडकीच्या पडद्याकडे तोंड करून उभे होते.

काकू म्हणाल्या, "एक खोटं हाये."

वर्षाचा चेहरा उतरला. "कोन्तं?"

"पहिलं बक्षीस लिहिलं तू. पहिलं नव्हतं. दुसरं होतं."

"काकी, राहू दे न पहिलं. कोनाले समजते?"

"नाही." काकूंनी पडद्यावरच्या त्या हसऱ्या तोंडाकडे बोट केलं. "पहिला येनारच होता थो. शेवटाले बैलं फिरले आनि सीधे रसाच्या दुकानात घुसले, उसाकडं. दोस्ताचा छकडा पुढं निघून गेला. हा छकड्यात उभा राहून हसून राह्यला, हसून राह्यला, खाली उतरताच येईना त्याले. पंखा हाती आला तरी थांबला नाही, थ्या हसन्याचा फोटो हाये हा. पहिला आला असता तं एवढा हसला नसता. दुसराच लिही."

वर्षाने फाइल उघडली. 'पहिलं' पुसलं, 'दुसरं' लिहिलं, बैल उसाकडे वळल्याची एक ओळ वाढवली, आणि पान पुन्हा उघडलं. काकू पुढे वाकल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण त्या जागेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "इथं?" वर्षा हो म्हणाली.

"आता थो थोच हाये," काकू म्हणाल्या, आणि खुर्चीत मागे टेकून त्यांनी वर्षाला सांगितलं, "पुन्हा वाच. उसापासून."

निघताना

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर सोडायला सगळ्या आल्या. प्रज्ञाच्या आईने पाटोड्या, ठेचा आणि परसातला सांबार एवढं सगळं बांधून दिलं की माझ्या आईचे बिस्किटांचे पुडे मी तिथेच मुलींना वाटून टाकले. वानखडे सरांनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाले, "मोडेम दुसरं मागवतो आहे." त्यांच्यापरीने ते आभार होते.

मी खिडकीतून काहीतरी शहाणपणाचं सांगायचं ठरवून डोकं बाहेर काढलं. पण खाली वर्षा आणि दुसऱ्या एका मुलीचं जुंपलं होतं. ती म्हणत होती लेंगीचा आवाजच साइटवर टाकू, टेपवर रेकॉर्ड करून. वर्षा म्हणत होती, तुले येते काय थे, आधी शिकून घे, मी सांगतो कसं. बाकीच्या दोन बाजूंना वाटल्या गेल्या होत्या. आवाज कसा टाकायचा ते मी त्यांना शिकवलेलं नव्हतं.

बस हलली. "अगं, येते मी!" मी ओरडले. एकीने वर न पाहता हात केला, आणि त्या भांडत राहिल्या.